नऊ वाजेपर्यंतचे दाणे

"काका, तुमच्या चिमण्यांना आता शेपट्या फुटल्यात," शेजारची नर्स म्हणाली आणि तिने कुंपणावरून एक लहानसा मोजा पुढे केला. मोजा तिच्या सहा महिन्यांच्या मुलीचा होता. त्याची टाच कुरतडलेली होती.

मापाडी हातातला रिकामा वाडगा तसाच धरून उभा राहिला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्याला मापाडीच म्हणत. उभा जन्म धान्याच्या गोदामात गेला. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पोतं त्याच्या काट्यावरून जायचं, आणि त्याच्या मापात कधी मूठभराचाही फरक निघाला नाही. अशा माणसाच्या अंगणात दाण्यांचा सडा पडलेला होता, हीच गंमत होती.

"एखादा उंदीर आला असेल गटारातून," तो म्हणाला.

"एखादा? काल सकाळी चांगल्या उजेडात पाळण्याखालच्या टोपलीत बसला होता, बाळाच्या कपड्यांवर. मी वॉर्डात काय काय बघते, मला काही होत नाही. पण त्याला बघून मी बाळाला उचलून बाहेर पळाले." तिने मोजा परत घेतला. "काकूंचा जीव त्या पाखरांत आहे, मला कळतं. म्हणून चार दिवस ते अंगणात दिसले तरी गप्प बसले. तक्रार नाही करणार मी, पण काहीतरी करा. लवकर करा."

मापाड्याने मान हलवली. ती चांगली मुलगी होती. काकूंची पाठ दुखली की स्वतःहून येऊन बघून जायची, आणि तिच्याशी भांडावं असं त्यात काहीच नव्हतं. तिचं खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड काही जुळलं नाही. तेव्हापासून ती खाटेवर आणि खाट खिडकीशी. पाखरांना दाणे घालायची कल्पना मापाड्याची. रोज सकाळी साडेसहाला तो दोन मोठे वाडगे शिगोशीग भरून बाजरी आणि कणी पेरूच्या झाडाखाली उधळायचा, खिडकीकडे बघून हात हलवायचा आणि चप्पल घालून बाहेर पडायचा. गोदामाच्या फाटकाजवळ जुन्या लोकांचा एक बाक होता. तिथून परत यायला त्याला एक वाजायचा. "बायकोसाठी करतो," तो बाकावर सगळ्यांना सांगे. "दिवसभर पुरतील एवढे टाकून येतो. तिच्यापुढे सारखी जत्रा." लोक वाखाणायचे, आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तो घरात गेला तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. कुंपणावरचं बोलणं तिने ऐकलं असावं.

"सात आहेत," ती म्हणाली.

"काय सात?"

"उंदीर. दोन मोठे, बाकी पोरं. एकाची शेपटी अर्धीच आहे. तो दोन वाजता येतो, तुम्ही जेवून आडवे झालात की. अगदी ठरलेल्या वेळेला."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दाणे बंद केले असते." मग ती हसली. "आणि खरं सांगू का, पाखरं दहाला उडून जातात हो. पोट भरलं की त्यांची पाठच दिसते. मग दिवसभर मला सोबत कोणाची? त्यांचीच की."

मापाड्याने वाडगा खाली ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. तिच्याशी बोलताना त्याचं हे नेहमीचंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरातला नळ महिनाभर गळत होता आणि 'उद्या बघतो' असं तो रोज म्हणत होता. ती पडली त्या दिवशीही सकाळी तो तेच म्हणून गेला होता. तिने त्यावरून आजवर एक शब्द काढलेला नव्हता. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. तिच्यासमोर बसलं की तो शब्द दोघांच्या मधे येऊन बसायचा, म्हणून तो बसायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी मापाड्याच्या तक्रारीवरून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून उंदीरवाला आला. खांद्याला पिशवी, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. माणूस वाळलेला, पण बोलायला खमंग. त्याने सगळ्या बागेत फेरी मारली, लाकडांच्या ढिगामागे वाकला, पाण्याच्या टाकीखाली डोकं घातलं, आणि दिसेल त्या बिळात कागदाचा बोळा करून कोंबला. औषध नाही, पिंजरा नाही. बोळे कोंबून तो निघालाच.

"एवढंच?" मापाड्याने विचारलं.

"आज पेपर वाचू द्या त्यांना. उद्या बघू कोणी कोणी वाचलाय."

दुसऱ्या दिवशी चौदापैकी नऊ बोळे बाहेर फेकलेले होते. "नऊ घरं चालू, पाच रिकामी," उंदीरवाला म्हणाला. "काका, तुमची खानावळ जोरात आहे."

"औषध टाका ना मग."

"टाकतो. पण मला सांगा, रोज असं ताट वाढलेलं असताना माझं औषध कोण कशाला खाईल? आणि खाल्लंच, तर बिळातनं औषधाचे दाणे ओढून बाहेर सांडतील. ते पाखरं टिपणार. मग या झाडाखाली काय काय पडलेलं दिसेल, ते काकूंना दाखवणार आहात का?" त्याने खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पिंजरे लावतो. सगळे गेले की बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवू. लाकडं हलवा, धान्याचं पोतं पत्र्याच्या डब्यात घाला. आणि दाणे बंद. एक दाणा पडता कामा नये. तीन आठवडे."

तीन आठवडे. मापाड्याने ते घरात येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बंद करा की. बाळाच्या पाळण्यापर्यंत गेलेत ते. मी काय चिमण्यांवर जगते?"

पहिल्या सकाळी पाखरं नेहमीच्या वेळेला आली. चिमण्या, पारवे, दोन साळुंक्या. खाली उतरली, मोकळ्या जमिनीवर इकडेतिकडे चोची मारल्या आणि तारेवर जाऊन ओळीने बसली. तासभर बसून होती. दुसऱ्या सकाळीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "खिडकी लावून घ्या. वाट बघणाऱ्याकडे बघवत नाही मला."

त्याने खिडकी लावली आणि बाकावर निघून गेला.

पिंजऱ्यात पहिल्या आठवड्यात पाच सापडले, दुसऱ्यात सहा. बायकोच्या हिशेबापेक्षा ते बरेच जास्त होते. एका सकाळी मापाडी पिंजऱ्याजवळ उकिडवा बसला. आतल्या उंदराने पुढच्या दोन्ही पंजांनी तार धरली होती आणि तो त्याच्याकडे बघत होता. मापाड्याला वाईट वाटलं. खायला वाढणारा तोच होता आणि धरून नेणाराही त्यानेच बोलावला होता. उंदीरवाला पिंजरे घेऊन जाई, पुढे त्यांचं काय होतं हे मापाड्याने कधी विचारलं नाही.

घरात मात्र बायकोचं बोलणं आटत चाललं. टोमणे बंद झाले. अर्धी पोळी पानात राहू लागली. दुपारी मदतीला येणारी बाई म्हणाली, "काकू आज सगळी दुपार भिंतीकडे तोंड करून होत्या." नर्सने येऊन नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक होतं. बाहेर अंगणात येऊन ती मापाड्याला म्हणाली, "काका, मी बोलले त्याने झालं का हे?" आणि तिचे डोळे भरले.

"नाही गं," मापाडी म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही." तो घाबरला होता. बायको पडली त्या दिवशीसुद्धा तो एवढा घाबरला नव्हता.

बाविसाव्या दिवशी उंदीरवाल्याने पुन्हा बोळे कोंबले आणि तेविसाव्या दिवशी एकही बोळा हलला नव्हता. त्याने काचा आणि सिमेंट घालून बिळं बुजवली आणि समाधानाने हात झटकले.

"आता घालू दाणे?" मापाड्याने विचारलं.

"घाला. पण माझ्या पद्धतीने. जमिनीवर उधळायचं नाही, परातीत ठेवायचं. मूठभर, ते संपलं की आणखी मूठभर. आणि परात सोडून जायचं नाही. शेवटी जे उरेल ते उचलून डब्यात. उंदीर पाखरांच्या दाण्यांवर येत नाही काका, टाकून गेलेल्या दाण्यांवर येतो."

"म्हणजे मी तिथे उभं राहायचं?"

"मग कोण, मी?"

नर्सलाही हे पटलं. "नऊला मी ड्यूटीवर निघते. त्या वेळी परात रिकामी दिसली की माझी काही हरकत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापाड्याने खिडकी उघडली. बायकोने मान वळवली नाही. त्याने मूठभर बाजरी परातीत घातली, परात पेरूखाली स्टुलावर ठेवली आणि चार पावलांवर उभा राहिला. एकही पाखरू आलं नाही. नऊ वाजता त्याने सगळे दाणे उचलून डब्यात घातले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तारेवर दोन चिमण्या बसल्या आणि त्याने आनंदाने हात वर करताच उडाल्या.

"अहो, हातवारे कसले करताय!" खिडकीतून आवाज आला.

तो वळला. बायको कोपरावर रेलून बाहेर बघत होती. पंचवीस-सव्वीस दिवसांत तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"वळू नका. तिकडे तोंड करा. आणि श्वास हळू घ्या, भाता ओढल्यासारखा काय घेताय? जन्मभर काट्याचा काटा स्थिर व्हायची वाट बघितलीत ना? तसे उभे राहा."

तो तसा उभा राहिला. काटा डुलतो, डुलतो आणि मग थांबतो. थांबेपर्यंत आकडा सांगायचा नसतो. हे त्याला येत होतं. त्याचे गुडघे दुखत होते, मानेवर माशी बसली होती, पण तो हलला नाही. पाचव्या दिवशी एक चिमणी परातीच्या काठावर येऊन बसली. तिने एक दाणा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि दुसरा उचलला. मागे खिडकीत बायको अगदी हलक्या आवाजात सांगत राहिली, "आली. आणखी एक आली. तुमच्या डावीकडे. तुम्ही नका बघू, मी बघतेय."

त्या आठवड्यात ती पोटभर जेवू लागली. साळुंक्या काही परत आल्या नाहीत. पारवे आले, पण थोडेच. पूर्वीच्या जत्रेपुढे हे म्हणजे अगदीच चार टाळकी होती.

एका सकाळी शेवटची चिमणी उडून गेल्यावर बायको म्हणाली, "मागून केस पार पांढरे झालेत हो तुमचे. मला माहीतच नव्हतं."

मापाड्याने डोक्यावरून हात फिरवला. नर्स पर्स खांद्याला अडकवून फाटकातून बाहेर पडली आणि जाताना तिने हात केला. नऊ वाजले होते. त्याने परातीतले राहिलेले दाणे वेचून डब्यात घातले, झाकण दाबून बसवलं आणि सवयीने चपलांकडे बघितलं.

"अजून मूठभर टाका ना," बायको म्हणाली.

"नऊ वाजून गेले. आता कोण येणार? टाकले तर उंदरांनाच."

"मग टाकू नका," ती म्हणाली. "नुसते उभे राहा."

मापाडी रिकामी परात हातात घेऊन पेरूखाली उभा राहिला.