उताऱ्याची कुपी

नवं सरकार आलं आणि नदीपलीकडच्या देशाशी असलेला हत्तींवर मिळून उपचार करण्याचा करार गुंडाळला गेला. इकडच्या जनावरांच्या डॉक्टरने वारा बघून पाठ फिरवली. पत्रकारांसमोर म्हणाला, "पलीकडच्या त्या बाईंशी आमचा काही संबंध नाही." त्या बाई म्हणजे ताई, हत्तीला गुंगीचा बाण कुठे मारायचा हे त्याला हात धरून शिकवणारी पलीकडची डॉक्टर.

करारातली सोय साधी होती. गुंगीचं औषध इकडे, त्यावरचा उतारा ताईच्या फ्रिजमध्ये. कारण इकडची वीज म्हणजे रुसकी सून. करार मोडला, पण नवा उतारा मागवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मग एका हत्तिणीच्या पायात तारेचा फास रुतला. वनखात्याचे संचालक कॅमेरेवाल्यांना घेऊन हजर. डॉक्टरने बाण मारला, हत्तीण आडवी झाली, फास निघाला.

"आता उठवा की!" संचालक म्हणाले.

डॉक्टरने झाडाआड जाऊन फोन लावला. बंदूक भरतानाच त्याने ताईला गृहीत धरलं होतं, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं आणि कान तापले. ताईने टोमणा मारला नाही. "आडवी होऊन किती वेळ झाला? स्वतःच्या वजनाखाली गुदमरेल ती. फाटकाशी ये," एवढंच म्हणाली.

सरहद्दीवरच्या पुलाच्या फाटकाशी ती जुना थर्मास घेऊन आली.

"कुणाकडे?" शिपायाने अडवलं.

"ह्याच्याकडे. पण ह्याचा माझा संबंध नाही म्हणे. पेपरात वाचलं."

शिपाई वळला. "साहेब, ओळखता यांना?"

डॉक्टरच्या मागे संचालक येऊन उभे होते. त्याने थर्मासकडे बोट दाखवलं. "औषध... औषध आपलंच आहे."

"चला, औषधाची तरी ओळख राहिली," ताई हसली आणि थर्मास गजांतून आत सरकवला. "कानाच्या शिरेत दे. सावकाश, धांदरटा."

हत्तीण उठली, अंग झाडलं, नदीत उतरली आणि पलीकडे चालती झाली. तिला कुणी अडवलं नाही. संचालकांनी डॉक्टरची पाठ थोपटली. त्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

घरी थर्मास रिकामा करताना बर्फाच्या तळाशी दुसरी कुपी सापडली. एका हत्तीला एकच लागते, हे ताईनेच शिकवलेलं.

बायकोने थर्मास लांबूनच ओळखला. "अय्या, ताई आल्या होत्या? आणि जेवायला न आणता तसंच पाठवलंत?"

डॉक्टर फ्रिज उघडून कुपी अगदी मागे ठेवत होता.

"घाईत होत्या," तो दाराआडून म्हणाला. दार मात्र बराच वेळ उघडंच राहिलं.