घुमतंय ना?

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी दर शनिवारी सकाळी मास्तर वाचनालयाच्या मागच्या खोलीत लहान मुलांना वाचायला शिकवत. त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण आवाजही तेवढाच. शंका आली की ती मास्तरांच्या बाहीला बोट लावायची आणि एकदाच, एका दमात, विचारून मोकळी व्हायची. कुणी "काय म्हणालीस?" असं म्हटलं, की मान खाली जायची आणि पुढचा महिनाभर तोंड उघडायचं नाही. मास्तरांनी ते तिला कधीच विचारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

मास्तरांच्या घरात नवा खोका आला आणि हे सगळं डळमळायला लागलं.

जावयानं स्वतःचे जुने दोन स्पीकर सासऱ्यांना दिले होते. आवाज स्वच्छ होता, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मास्तरांच्या बायकोला चेलो, म्हणजे ते जाड सुराचं मोठं व्हायोलिन, फार आवडायचा. शिकवणं तिनं जन्मात केलं नव्हतं, कपडे शिवले होते, तरी सगळं गाव तिला मास्तरीणबाईच म्हणे. ती म्हणाली, याच्यात चेलोला सर्दी झाल्यासारखी वाटते. मग दोघं सबवूफर घ्यायला गेली. खालच्या पट्टीतले जाड सूर तेवढे वाजवणारा हा एक वेगळा खोका, एवढं मास्तरांना वाचून कळलं होतं.

दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा, निवांत माणूस होता. त्यानं आधी खोली केवढी आहे ते विचारलं. "मोठा घ्याल तर शेजारी तुमच्याशी भांडतील, अगदी छोटा घ्याल तर तुम्ही माझ्याशी," तो म्हणाला. तीन खोके वाजवून दाखवले. त्यातला मधला गेल्या वर्षीचा होता, एका अंगाला ओरखडा पडलेला, म्हणून बराच स्वस्त. ओरखडा भिंतीकडे करू, असं मास्तरीणबाईंनी जागच्या जागी ठरवून टाकलं. निघताना दुकानदारानं सांगितलं, "हा वेगळा ऐकू येत नाही बरं का. तो नुसता जाणवतो. ज्याचे कान चांगले, त्याला लगेच जाणवतो."

हे शेवटचं वाक्य त्यानं गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून जोडलं असणार. पण तेच नेमकं घरी आलं.

दुपारी चारला चहाचे कप घेऊन दोघं कोचावर बसली. खोका समोर टीव्हीच्या बाजूला होता. मास्तरांनी रिमोट दाबला. चेलो सुरू झाला, आणि त्याची सर्दी होती तशीच होती. मास्तरांनी कान दिला, डोळे मिटले, श्वास रोखला. काहीच नाही. दुकानात तर काचा थरथरल्या होत्या. त्यांनी हळूच बायकोकडे बघितलं.

"घुमतंय ना?"

"हो तर," ती म्हणाली. "छान घुमतंय."

मास्तरांनी मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

त्यांच्या आईचे कान शेवटी शेवटी गेले होते. ती चारचौघांत बसायची आणि प्रत्येकाकडे बघून हसायची. कुणी वाईट बातमी सांगितली, तरी हसायची. आत्ता आपण जी मान डोलावली ती आईचीच, हे मास्तरांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चालू खोक्यावर तळवा ठेवून बघितला. खोका आतून थरथरत होता. म्हणजे खोका ठीक होता. वाकून कान लावला असता तर सगळाच निकाल लागला असता, पण ते काही त्यांच्याच्यानं होईना. उभ्या आयुष्यात मुलांना सांगत आले, उत्तर आलं की पडताळा घ्या. स्वतःवर आल्यावर मात्र पडताळ्याचीच भीती वाटत होती. न्हाणीघरात दार लावून ते कानाशी बोटं चोळून बघत. फ्रिजची घरघर येते का, जिन्यावरची पावलं येतात का, हे मोजत बसत. रोज चारला चेलो लागे, ते विचारत, ती "छान" म्हणे.

शनिवारी मुंगीनं बाहीला बोट लावलं. तिनं विचारलं, आणि मधला एक शब्द मास्तरांच्या कानातून निसटला. खिडकीखालून गाडी गेली म्हणून की कानामुळे, कोण सांगणार? पुन्हा विचारायची सोय नव्हती. त्यांनी अंदाजानं उत्तर दिलं. मुंगी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग जागेवर जाऊन बसली.

सोमवारी त्यांनी ग्रंथपालांना चिठ्ठी लिहिली. प्रकृतीच्या कारणानं वर्ग सोडत आहे, एवढंच. ती खिशात घालून वाचनालयाकडे निघाले. वाटेत ते दुकान लागलं. पाय आपोआप आत वळले. याहून मोठा मिळेल का, असं त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. खोका कुठं ठेवलाय, तुम्ही कुठं बसता, एवढंच त्यानं विचारलं. मग कागदावर खोली काढली आणि सांगितलं, की पाण्याच्या टबात एका बाजूनं लाट सोडली, तर ती पलीकडच्या कडेवर आपटून परत येते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाटेची गाठ पडते तेव्हा कुठं पाणी दुप्पट उसळतं, कुठं जागच्या जागी थिजतं. खोलीतल्या जाड सुरांचंही तसंच असतं. तुमचा कोच थिजलेल्या जागी असेल.

"खोका कोचावर ठेवा आणि तुम्ही खोलीभर रांगा," तो म्हणाला. "खोक्याची आणि तुमची जागा बदलली तरी हिशेब तोच राहतो, म्हणून जिथं भरून ऐकू येईल, तिथं खोका न्या."

"रांगू?"

"आमच्यात सगळे रांगतात. मीही रांगतो."

घरी मास्तरीणबाई नव्हत्या. शिवलेला झगा पोचवायला गेल्या होत्या. मास्तरांनी खोका कसाबसा कोचावर चढवला, चेलो लावला आणि गुडघे टेकले. मन सांगत होतं, दुकानदार भला माणूस, त्यानं समजूत काढली. खोलीभर फिरूनही काही आलं नाही तर? टीव्हीखाली काही नाही. दाराशी काही नाही. छाती एवढी धडधडत होती की तोच आवाज कानात भरला होता. कपाटाच्या कोपऱ्याशी आले, आणि जमिनीतून उठल्यासारखा तो जाड, गरम सूर दोन्ही कानांत शिरला.

मास्तर तिथंच फरशीला कपाळ टेकून राहिले. खिशातली चिठ्ठी पोटाखाली चुरगळली.

"अहो, काय झालं? पडलात का?"

बायको दारात उभी होती, घाबरून पांढरी पडलेली. मास्तरांनी बसून सगळं सांगितलं. कोचावर सूर थिजतो, तिथं बसून कुणालाच ऐकू येत नाही, आणि आपण आठवडाभर उगाच...

बोलता बोलता ते थांबले. कुणालाच नाही. मग ही काय ऐकत होती?

मास्तरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही 'घुमतंय ना?' असं विचारलंत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला येतंय. माझेच कान गेले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी सांगितलंत?"

आपली भीती फिटली होती, आता मास्तरांना तिची भीती वाटायला लागली, आणि ही जास्त वाईट होती. त्यांनी चेलो पहिल्यापासून लावला. आपल्याला कुठं ऐकू आलं ते मुद्दामच सांगितलं नाही.

"या वेळी माझ्याकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "आणि छान म्हणायचं नाही."

ती साडी खोचून खाली बसली आणि रांगायला लागली. टीव्हीपाशी थांबली. पुढं गेली. दाराशी थांबली, मान हलवली. मास्तर कोचाची कड धरून उभे होते. ती कपाटाकडे वळली, कोपऱ्यावरून तशीच पुढं गेली.

मग ती वीतभर मागं आली.

"इथं," ती म्हणाली.

मास्तरही शेजारी जाऊन टेकले आणि म्हणाले, की जागा अजून जरा डावीकडं आहे.

"डावीकडं कुठली? इथंच आहे. कान आहेत मला," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि जागचं तसूभरही हलायला तयार होईनात.