पेटीतली सफरचंदं

रेव्हरंड सेप्टिमस हार्ल यांनी टाक दौतीत बुडवला आणि कौतुकाने भरलेल्या पानाच्या शेवटी आणखी एक ओळ घातली : ‘छाती मात्र जरा नाजूक आहे.’

पत्र लंडनला जायचं होतं. सिडनीच्या वसाहतीत पाद्री हवा होता आणि हार्ल यांच्या हाताखालच्या तरुण पाद्री अ‍ॅम्ब्रोजने त्या जागेसाठी अर्ज केला होता. शिफारस हार्ल यांचीच लागणार होती. पोरगा गुणी होता, मायाळू होता आणि दर मंगळवारी बुद्धिबळात हरायला न चुकता येत होता. तो गेला की मंगळवार ओस पडणार, हे त्यांना आतापासूनच सलत होतं.

धाकटी बहीण डॉर्कस चहा घेऊन आली आणि तिने त्यांच्या खांद्यावरून पत्र वाचलं. या घरात कुणाचंच पत्र खासगी नसे.

“अ‍ॅम्ब्रोजची छाती? परवा त्यानं एकट्यानं गाय खड्ड्यातून ओढून काढली, दादा.”

“हिवाळ्यात खोकत होता.”

“हिवाळ्यात सगळं गाव खोकतं. मेंढरंसुद्धा.”

“एवढा लांबचा प्रवास. काळजीपोटी लिहिलंय गं.”

“तुझ्या थोरल्या पाद्रीबाबांनीही तुझ्याबद्दल काळजीपोटी हेच लिहिलं होतं.” डॉर्कसने कप खाली ठेवला. “चाळीस वर्षं झाली. ती नाजूक छाती रोज टेकडी चढून चर्चमध्ये जाते.”

हार्ल उठून मागच्या खोलीत गेले. खिडकीखाली ओकची पेटी होती, जहाजावर न्यायची. झाकणावर त्यांनी स्वतः रंगवलेलं ‘से. हार्ल, सिडनी’ अजून वाचता येत होतं. किती आनंदाने रंगवलं होतं ते! लंडनहून नकार आला त्या वर्षी डॉर्कसने पेटीत पेंढा घालून सफरचंदं ठेवली आणि तेव्हापासून ती सफरचंदांचीच झाली. त्यांनी झाकण उघडलं. गोडसर वास आला आणि पंचविशीतले ते दिवस आठवून त्यांचे डोळे भरून आले.

परत येऊन त्यांनी कागद फाडला. नव्या पत्रात प्रकृतीबद्दल एकच शब्द लिहिला : ‘ठणठणीत.’

“पेटी रिकामी कर,” ते म्हणाले. “त्याला लागेल. माझं नाव तेवढं खरवडून काढ. सिडनी राहू दे.”

“आणि सफरचंदं?”

“खाऊन टाकू.”

“एवढी? दोघंच तर उरणार आपण.”

हार्ल यांनी बुद्धिबळाचा पट तिच्याकडे सरकवला.

“बस. घोडा कसा चालतो ते शिकवतो.”