चढाईवरून परत येताना

दापोलीहून आलेली एसटी वाडीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा बाबाजीला भोंगा ऐकू यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती. आदल्या संध्याकाळी बायकांचे खेळ असतात आणि भोंगा असा लावतात की फाट्यावर उतरणाऱ्यालाही गाण्याचा शब्द न् शब्द कळतो. त्या दिवशी भोंगा बंद होता. लाइट गेली असेल, असं त्याला वाटलं. पण फाट्यावरच्या बाळाच्या दुकानात पंखा फिरत होता.

बाबाजी रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाच्या रोपवाटिकेत कामाला. त्याच कामासाठी दापोलीला गेला होता आणि येताना बायकोसाठी, जाईबाईसाठी, सोनचाफ्याचं कलम घेऊन आला होता. बाळा दुकानातून बाहेर आला आणि त्यानं ती पिशवी बाबाजीच्या हातातून काढून घेतली.

"चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"का रे?"

"वहिनी पडल्या."

पडली म्हणजे पाय मुरगळला असेल, असं समजून बाबाजी चालू लागला. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत जाईबाई स्वतः कमी धावायची आणि पुढच्या बाईला हसवून तिचं लिंबू पाडायची. त्या संध्याकाळी ती धावता धावता खाली पडली, तेव्हा बायका हसल्या. सोंग करतेय, असंच सगळ्यांना वाटलं. हे त्याला पुढं एका शेजारणीनं सांगितलं. सांगताना तिलाच रडू आवरेना, तेव्हा बाबाजीनं उठून तिला पाणी दिलं.

ऊन लागून गेली, असं वाडीनं ठरवून टाकलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मात्र बाबाजीला बाजूला बसवून सांगितलं की जाईबाईच्या हृदयाची भिंत जाड होती. हे जन्मापासूनचं असतं, रक्तातून येतं, कित्येकांना मरेपर्यंत कळत नाही. "मुलांची तपासणी करून घ्या," ते म्हणाले.

बाबाजीनं दोन्ही मुलांना ते जसंच्या तसं सांगितलं. थोरला अमरदीप मुंबईत घरोघर पार्सलं पोचवतो. तो म्हणाला, "बघतो, बाबा." तेजल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, कबड्डीच्या संघात चढाईला पहिली हीच. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि बुटाची नाडी बांधून सरावाला गेली. आई गेल्यापासून पोर फक्त मैदानावर मोकळी व्हायची. तिला आणखी काय बोलणार? बाबाजी भात टाकायचा, तो हमखास एका माणसाचा जास्त व्हायचा, आणि सकाळी दोघं तोच परतून खायची.

असे महिने गेले. श्रावणात एका दुपारी तेजलची मैत्रीण रसिका नाचतच घरात आली.

"काका, आमची तपासणी झाली. सगळ्या पास!"

"कसली गो तपासणी?"

"खेळाडूंची. नम्रता म्हणून डॉक्टर आहेत, त्या आल्या होत्या कॉलेजात. तपासल्याशिवाय कुणाला खेळवायचं नाही, असं यंदा सरांनी ठरवलंय. वजन केलं, रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली. तेजल काट्यावर चढली तर काटाच ओरडला."

"गप गो, तू चढलीस तेव्हा तर लपलाच होता," तेजल म्हणाली.

"आणि काही विचारलं?" बाबाजीनं विचारलं.

"विचारलं ना. खेळताना कधी चक्कर आली का, घरात कुणी तरुणपणी अचानक..." रसिका मधेच थांबली. तिनं तेजलकडं बघितलं आणि आईनं लवकर बोलावलंय म्हणून निघून गेली.

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

"तेजल!"

"आई उन्हानं गेली. सगळी वाडी सांगते."

"वाडी कधीपासून डॉक्टर झाली?"

"पुढच्या आठवड्यात सामने आहेत, बाबा. हो म्हटलं असतं तर मला बाकावर बसवलं असतं. आईला चाललं असतं?"

जाईबाई पोरीच्या प्रत्येक सामन्याला जायची आणि पंचाला नावं ठेवल्याशिवाय घरी यायची नाही. वयात आलेल्या पोरीला धरून ओढत तर नेता येत नाही. पण डॉक्टरांचा एक शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हता. रक्तातून येतं, म्हणजे आधी कुणाला तरी असणार. ते जाईबाईच्या माहेरीच विचारायला हवं होतं.

रविवारी जयगडच्या फेरीबोटीनं खाडी ओलांडून तो गुहागरकडं सासुरवाडीला गेला. सासू गंगुबाई, तिला तो मामी म्हणे, ओटीवर सुपाऱ्या कातरत बसली होती. चहा झाला. मग त्यानं विचारलं, "मामी, तुमच्या घरात आधी कुणी असं पडलं होतं का?"

गंगुबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

"आत्ता इचारताव? जावयबापू, तुमीच म्हनालाव ना, भुताच्या गोष्टी माज्या घरात नको? माजी पोर गप ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

ते खरं होतं. लग्नाच्या वर्षी जाईबाई एकदा सांगू लागली होती, माझ्या भावाला चिंचेवरच्यानं धरलं म्हणून. बाबाजी म्हणाला होता, भिंतीवर बाबासाहेब आहेत, त्यांच्यासमोर भुताचं नाव काढू नकोस. जाईबाईलाही ते पटलं. भूत घरातून गेलं, ते चांगलंच झालं. पण त्या भुताबरोबर भावाची गोष्टही गेली, हे दोघांच्या ध्यानात आलं नाही. पुढं मुलांनी विचारलं की ती सांगायची, मामा तापानं गेला.

"चुकलं माझं," बाबाजी म्हणाला. "आता भुतासकट सांगा. पण मला नको. तेजलच्या डॉक्टरांसमोर सांगा."

"शिकलेली बाय ती. हसंल मना."

"हसली तर तुम्हाला घेऊन उठेन मी."

गंगुबाई आली. आजीला एकटीला दवाखान्याच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तेजलही आली, पण तोंड फुगवून. डॉक्टर नम्रता तरुणच होत्या. त्यांनी म्हातारीला खुर्ची जवळ ओढून दिली.

"बोला आजी."

"माजा झील, धम्मदीप. मैदानाच्या कडंला चिंच व्हती. तिच्यावरच्यानं धरला त्याला. माज्या दादल्यालाबी त्यानंच धरला, आदल्या साली."

तेजलनं मान खाली घातली. बाबाजी खुर्चीच्या कडेवर आला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत.

"धरलं तेव्हा मुलगा काय करत होता, आजी?"

"हुतुतू खेळत व्हता. चढाई करून मागारी येत व्हता. दोगांना बाद केलान, रेषेवर हात टेकलान, नि उटलाच न्हाय."

"आणि तुमचे यजमान?"

"घाटी चढत व्हते, डोक्यावर भाताचा भारा. कवळ्या वयाचं व्हतं ओ, केसबी पिकले नव्हते."

"दोघंही जोर लावताना गेले."

"व्हय. बसलेल्या मानसाला कदी धरलान न्हाय त्यानं," गंगुबाई म्हणाली, आणि मग स्वतःच विचारात पडली.

मग तेजल म्हणाली, "आजी, मामा चढाई करायचा?"

"मग? हातात सापडायचा न्हाय कुनाच्या. तुज्यासारकाच उंडगा, घरात पाय ठरायचा न्हाय."

"मला कुणी सांगितलंच नाही."

गंगुबाईनं जावयाकडं बघितलं. तेजल बराच वेळ आपल्या बुटांकडं बघत बसली.

"डॉक्टर, मला एकदा सरावात डोळ्यांपुढं काळोख आला होता," ती म्हणाली. "चढाईवरून परत येताना. मी नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसले."

बाबाजीला ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती.

त्याच दिवशी ईसीजीची पट्टी काढली आणि यंत्रावर तिचं हृदय बघितलं. भिंत जाड होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुंबईला मोठ्या तपासण्या करायला सांगितलं आणि सरळच म्हणाल्या, "आता कबड्डी नाही."

"कायमची?"

"ते पुढच्या तपासण्यांनंतर बोलू. आज मी तुला मैदानात सोडणार नाही."

बाहेर आल्यावर तेजल रडली. गंगुबाईनं तिचं डोकं आपल्या पदराखाली घेतलं. बाबाजी आत औषधाच्या रांगेत उभा होता, तिथं डॉक्टर आल्या.

"हिला भाऊ आहे ना? तो खेळतो?"

"नाही हो. पार्सलं पोचवतो."

"म्हणजे जिने चढतो. त्यालाही तपासायला हवं."

सामन्याच्या दिवशी तेजल गेली. खेळायला नाही, बाकावर बसायला. पहिला डाव ती मुकाट बसली. दुसऱ्या डावात रसिकाला चुकीचं बाद दिलं, तेव्हा मात्र उठून उभी राहिली आणि पंचाला म्हणाली, "ओ, डोळे घरी ठेवून आलात काय?" सरांनी तिला दामटून खाली बसवलं. मागं प्रेक्षकांत बसलेला बाबाजी हसला. हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले, कारण आवाज हुबेहूब जाईबाईचा होता.

गंगुबाई आता रत्नागिरीला त्यांच्याकडंच राहते. भात बरोबर होतो. सोनचाफा बाबाजीनं विहिरीजवळ लावला, त्यानं मूळ धरलंय. तेजल गोळी वेळेवर घेते आणि संध्याकाळी भावाला फोन लावून भांडते. तो म्हणतो, मला काही होत नाही, सुट्टी मिळाली की बघतो. बाबाजीही फोन घेतो आणि भुताची गोष्ट मामानं रेषेवर हात टेकला तिथपर्यंत सांगतो. पलीकडून जिना चढताना लागलेल्या धापेचा आवाज येतो. मग अमरदीप म्हणतो, "पार्सल द्यायचंय, बाबा, ठेवतो."

अमरदीपची तपासणी अजून झालेली नाही.