परातीत उतरलेली कावीळ

शुक्रवारी सकाळी ओमानमधल्या माबेल्याच्या त्या गल्लीत गाडी लावायला बोटभर जागा उरली नव्हती. सीबची माणसं, बरक्याची माणसं, एक कुटुंब तर थेट सोहारहून पहाटे निघालेलं. व्हिलाच्या पायरीवर चपलांचा डोंगर आणि त्याच्या शेजारी खजुराचे डबे, केळ्यांचे घड, बासमतीच्या पिशव्या. कावीळमामा पैशाला हात लावत नसत. पाकीट ठेवायचंच असेल तर गादीखाली सरकवायचं, आणि गादी एव्हाना चांगलीच उंच झाली होती.

व्हिजिट व्हिसावर आलेला माणूस, पण हॉल आपल्याभोवतीच बांधलाय अशा थाटात बसलेला. पुढ्यात पांढरी एनॅमलची परात, परातीत नितळ पाणी. पेशंट समोर आला की मामा त्याच्या ओल्या तळहातांवर तपकिरी पूड चोळत, डोळे मिटून पुटपुटत आणि त्याचे हात परातीत बुडवत. बघता बघता पाणी पिवळंधमक होई. मग मामा सावकाश डोळे उघडून म्हणत, "उतरली." साऱ्या हॉलचा श्वास एकदम सुटे.

बायकांसाठी वेगळी सोय होती. दोरीवर फुलाफुलांची चादर, चादरीला दोन चिरा. बायका मागे बसत, चिरांतून फक्त हात पुढे येत. परस्त्रीचा चेहरा दिसला की आपली विद्या मावळते, असं मामांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आया-बहिणींचा त्यांच्यावर दुप्पट विश्वास बसला होता. पुटपुटणंही घर बघून बदले. वसईचं कुटुंब आलं की त्यात येशूचं नाव येई, रत्नागिरीचं आलं की अल्लाचं, पुण्याचं आलं की धन्वंतरीचं. परात मात्र सर्वांना तीच.

जुनैद मांडीवर अंबरीनला घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होता. पोर दुपट्यात गुंडाळलेली, मुठी मिटलेल्या. अल मवालेहच्या बाजारात फळांचा धंदा करणारा हा माणूस. राजापूरकडच्या हापूसच्या पेट्या उघडायच्या आणि देठाचा वास घेऊन भाव सांगायचा. पिवळा रंग हे त्याच्या पोटापाण्याचं साधन. तोच रंग लेकीच्या डोळ्यांत उतरला तेव्हा मात्र त्याला काही कळेनासं झालं.

सुरुवातीला कुणाला ते वाईट वाटलंच नव्हतं. बाळंतपणाला गावाहून आलेली त्याची अम्मी, अमीरुन्निसा, नातीला मांडीवर घेऊन आपल्याच जुळवलेल्या ओव्या म्हणायची:

अंबू माझी गोरी
उन्हात न्हाली
पिवळी झाली
केवड्यागत

केवडा काही उतरेना. दुपट्यातली शी शाडूसारखी पांढरी, आणि पिवळेपण अंगाकडून डोळ्यांकडे चढत गेलेलं. डॉक्टर ऋचांनी तपासण्या केल्या आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृतात तयार होणारं पित्त ज्या नळीतून आतड्यात जातं, ती नळीच पोरीच्या पोटात नीट झालेली नव्हती. दुर्मीळ आजार, जन्माचाच. पित्त आत साठत होतं आणि यकृत करपवत होतं. उपाय एकच, ऑपरेशन: आतड्याचा एक तुकडा थेट यकृताला जोडायचा, पित्ताला नवी वाट करून द्यायची.

"बरी होईल ना?" जुनैदने विचारलं होतं.

"खात्री देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पोर दोन महिन्यांची व्हायच्या आत केलं तर चांगली संधी आहे. पुढे गेलं तर ती संधी रोज थोडी थोडी कमी होते."

सही बापाची हवी होती. जुनैद पेन हातात धरून बसला. त्याला दिसत होतं ते फक्त ते पोट, आपल्या तळहाताने झाकलं जाईल एवढंसं, आणि त्यावर चालणारी सुरी. घरी विचारून सांगतो म्हणून तो तिथून जो निसटला तो मामांच्या परातीपाशी येऊन थांबला. अम्मीनेच पत्ता आणला होता.

मागच्या शुक्रवारी पडद्याच्या चिरांतून त्याच्या बायकोचे, सिदराचे हात आले होते. बाळाचे हात चालत नाहीत म्हणे. पोर आईच्या दुधावर, तेव्हा कावीळही आईच्याच हातातून उतरणार. पाणी पिवळं झालं तसं पडद्यामागून सिदराचा हुंदका ऐकू आला आणि जुनैदच्याही डोळ्यांना धार लागली. मामांनी तीन शुक्रवार सांगितले. आणि पोटाला चाकू लागता कामा नये. चाकू लागला की उतरलेली कावीळ परत फिरते आणि काळजात जाऊन बसते.

पण सिदरा इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये सायन्स शिकवायची, आणि बाळंतपणाची सुट्टी तिच्या हातांना होती, डोक्याला नव्हती. तळहाताच्या रेषांत तो पिवळा रंग दोन दिवस अडकून राहिला होता. संध्याकाळी सुलेमानी चहात लिंबू पिळताना रस हातावर ओघळला, आणि जिथे ओघळला तिथली पिवळी रेष फिकी पडली. तिने दुसऱ्या हातावर लिंबू चोळून पाहिलं. तोही फिका पडला.

"कावीळ लिंबाला घाबरते का हो?" तिने जुनैदला विचारलं.

"तुझी शाळा शाळेत ठेव," तो म्हणाला. त्याला वाद नको होता, त्याला आशा हवी होती. डॉक्टर ऋचांचा फोन आला तेव्हा त्याने घाईघाईने पिवळ्या पाण्याची बातमी दिली. मग त्या म्हणाल्या, "पाण्याचा रंग मला नको. दुपट्याचा सांगा." दुपटं पांढरंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी नक्की सांगतो म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर सिदरा वादाला आली नाही, याचं त्याला जरा नवल वाटलं होतं. सासू-सुना स्वयंपाकघरात दार लोटून काही कुजबुजत होत्या, आणि शेजारचा ज्युलियस विनाकारण दोनदा येऊन गेला होता. वसईचा ज्युलियस एका मोठ्या हॉटेलात केक-पेस्ट्रीचा शेफ. धिप्पाड अंग, झुपकेदार मिशा आणि सगळा जन्म लोणी-मैद्यात गेल्याने हात मात्र नव्या नवरीसारखे मऊ.

"अंबरीनची आई," मामांनी पुकारलं.

जुनैद पोरीला घेऊन परातीसमोर बसला. पडदा हलला. चिरांतून दोन हात पुढे आले. हातांत हिरव्या बांगड्या, अम्मीच्या. बोटं गोरी, लोण्यासारखी, पण जरा जास्तच भरलेली. आणि डाव्या अंगठ्याखाली ओव्हनच्या जाळीचा जुना डाग.

जुनैद पुढे वाकला. तो डाग तो ओळखत होता. प्रत्येक नाताळला ह्याच हाताने त्याच्या दारात केकचा डबा येत असे.

एका शब्दात सगळं थांबवता आलं असतं. मामांना खूण केली असती, पडदा सारला असता, सिदराला चारचौघांत खडसावलं असतं. शब्द जिभेवर आलाही. मग मांडीवरची पोर हलली. तिने डोळे उघडले, हळदीच्या पाण्यासारखे डोळे, आणि ती बापाकडे बघत राहिली. जुनैदने तो शब्द गिळला. उभ्या आयुष्यात त्याने असं मागणं मागितलं नव्हतं: या अल्ला, पाणी नितळ राहू दे. ज्युलियसला कावीळ नाही, बाळ नाही, दूध नाही. पाणी नितळ राहिलं तर मामा खरे.

मामांनी ते हात हातात घेतले आणि पूड चोळायला लागले. "बाईच्या हाताला गेल्या खेपेहून तेज आलंय," ते जमलेल्यांना म्हणाले. "दूध शुद्ध होत चाललंय. आईचं हृदय फार कोवळं असतं, बघा, बोटं कशी थरथरतायत."

बोटं थरथरत होती खरी. त्यांच्या मालकाला हसू आवरत नव्हतं.

मामांनी पुटपुटून हात बुडवले. पाणी क्षणभर नितळ राहिलं. मग बांगड्यांच्या खालून पिवळा धूर निघावा तसा रंग पसरला आणि परात काठोकाठ पिवळीधमक झाली.

"उतरली," मामा म्हणाले. "अर्धी कावीळ दुधातून गेली."

"मग मामा," पडद्यामागून खर्जातला आवाज आला, "आता पोरीला दूध मीच पाजू की कसं?"

आणि चादर बाजूला झाली. हिरव्या बांगड्यांच्या वर ज्युलियसच्या मिशा.

हॉलमध्ये आधी कुणी हसलंच नाही. मग मागून एकाला ठसका लागला आणि सगळा हॉल फुटला. मामा उठू लागले. विद्येचा अपमान, पडद्याचा भंग, आता शाप लागेल, असं काहीबाही बोलत त्यांनी परात उलथायला हात घातला. घाईत त्यांचाच पंजा पाण्यात गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांवरून पिवळे थेंब ठिबकत होते.

ज्युलियसच्या मागून अम्मी पुढे झाली. तिने थेंब पाहिले, मामांचं तोंड पाहिलं. पैज तिचीच होती. मामा खरेच असणार, पाणी नितळच राहणार, म्हणून तिने स्वतःच्या हाताने ज्युलियसला बांगड्या भरल्या होत्या. सून म्हणाली होती, पाणी नितळ राहिलं तर तीन नाही, दहा शुक्रवार येईन, सुरीचं नाव काढणार नाही.

"अगो बाय," अम्मी म्हणाली, "मामांना तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त झालीय. ह्यांना आधी दवाखान्यात न्या रे."

सिदरा कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॅनपाशी गेली. सात विहिरींचं पाणी म्हणून मामा जे सांगत ते ह्या कॅनमध्ये होतं. सुपरमार्केटचं लेबल अजून अर्धं चिकटलेलं. तिने त्यातलं पाणी ग्लासात ओतलं, पर्समधून ज्यूसची नळी काढली आणि पाण्यात फुंकर मारत राहिली. नितळ पाणी हळूहळू दुधाळ झालं.

"आठवतंय कुणाला?" तिने शाळेतल्या आवाजात विचारलं. "चुन्याची निवळी. आपण सगळ्यांनी शाळेत फुंकलीय. हे विहिरीचं पाणी नाही, चुना विरघळवून वरचं नितळ पाणी काढलंय. आणि पूड..."

"दे इकडे," जुनैद म्हणाला.

त्याने चिमूटभर पूड ओल्या तळहातावर चोळली आणि नाकाशी नेली. गावच्या बागेत फांद्या छाटताना बाप कोयती चालवायचा, तेव्हा ओल्या लाकडातून जो तुरट वास सुटायचा, तोच. दोन शुक्रवार हा वास त्याच्या नाकाखालून जात होता. भीतीने माणसाचं नाकही बंद होतं.

"आंब्याच्या झाडाची साल," तो म्हणाला. "मी आंबे विकतो, मामा. तुम्ही मला आंब्यानेच फसवलंत."

आंब्याच्या सालीतला रस चुन्याच्या पाण्यात गेला की पिवळा होतो. हात राजाचे असोत, रोग्याचे असोत की केक करणाऱ्याचे. लिंबाने तो फिका पडतो. कावीळ ना हातातून उतरते, ना दुधातून. ज्यांची मामांकडे "उतरली" त्यांची आपली आपण बरी होणारी होती. सिदराने हे समजावलं तेव्हा दोघा-तिघांनी स्वतःचे हात बुडवून खात्री करून घेतली. मग गादीकडे अशी झुंबड उडाली, ज्याचं त्याचं पाकीट शोधायला, की मामा कधी मागच्या दाराने सटकले ते कुणाला कळलं नाही. बाहेर व्हिलाचा ओमानी मालक, गेटसमोरच्या गाड्यांना वैतागलेला, हात झटकत सांगत होता, "खलास, खलास." त्याचं मामांशी काही देणंघेणं नव्हतं, पण शब्द नेमका पडला.

गाडीत बसल्यावर जुनैद बराच वेळ किल्ली फिरवेना. सिदरा मागे पोरीला पाजत होती.

"मला सुरीची भीती वाटते," तो शेवटी म्हणाला.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण ती सुरी काय करणार ते चित्र काढून सांगितलंय आपल्याला. ह्या परातीने काही सांगितलं होतं का?"

त्याने डॉक्टर ऋचांना फोन लावला. सही त्याच संध्याकाळी झाली.

ऑपरेशनच्या दिवशी अम्मी दारापाशी तसबीचे मणी फिरवत बसली, ज्युलियस सगळ्यांसाठी सँडविच घेऊन आला आणि कुणी खाल्ली नाहीत म्हणून एकट्यानेच खाल्ली. पोर बाहेर आली ती नळ्यांनी वेढलेली. मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी घरातली तीन मोठी माणसं एका दुपट्यावर वाकून उभी. पांढरं. पुन्हा पांढरंच. मग एका सकाळी सिदराने दुपटं उघडलं आणि सगळ्यांपुढे धरलं. हिरवट पिवळं, ओलं, घाण, सुंदर. पित्ताला वाट सापडली होती.

जुनैदने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. मग राहवेना म्हणून ज्युलियसला, बाजारातल्या भागीदाराला आणि गावच्या चुलत्यालाही पाठवला. चुलत्याचा फोन आला, हा कसल्या नव्या जातीच्या आंब्याचा रस आहे म्हणून. पुढे तपासण्या आहेत, औषधं आहेत, डॉक्टर अजूनही खात्री देत नाहीत. पण अम्मीने नवी ओवी बांधली आहे:

अंबू माझी गुणी
दुपटं भरते
घर हसतं
सणावाणी

तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली, किंवा शी पांढरी दिसली, तर एवढं करा. परातीकडे जाऊ नका, दुपटं घेऊन डॉक्टरकडे जा, आणि आजच जा, कारण यकृत तीन शुक्रवार थांबत नाही. आणि कुणी तुमच्या दुःखाचा रंग पाण्यात उतरवून दाखवायला लागला, तर हात जोडून त्याला एवढंच म्हणा: आधी शेजाऱ्याचे हात बुडवा. शेजारी मिशावाला असला तर उत्तम.