तारेनंतर आलेलं पत्र

लढाई संपून अडीच महिने झाले होते, तरी गहिनीनाथाची सायकल दिसली की गावातल्या बायका अजूनही दार लोटून घ्यायच्या.

पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात गहिनीनाथ वीस वर्षं टपाल वाटत होता. गावातली चौदा पोरं फौजेत. पूर्वी तो आला की चहाचं आधण चढायचं. पत्र त्यानंच वाचायचं आणि उत्तरही त्यानंच लिहायचं. मग मार्गशीर्षात लढाई पेटली आणि पौष लागता लागता त्याला मुक्ताबाईच्या घरी तार न्यावी लागली. तिचा एकुलता एक कानिफनाथ सरहद्दीवर पडला होता. गहिनीनाथानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तार वाचली आणि ती बाई तोंड उघडायच्या आत सायकलवर टांग टाकली. त्या दिवसापासून तो गावाला नकोसा झाला. वाईट कुणी बोललं नाही, पण ‘बसा’ म्हणायचं सगळ्यांनी सोडलं.

त्या साली थंडीही हटता हटेना. टपाल वाटून झालं की तो घरी यायचा, दोन भाकरी थापायचा आणि घोंगडी ओढून भिंतीकडं तोंड करून पडायचा. बायको रंगुबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक घोडेगावला दिलेली. कधी कधी दोन दोन दिवस त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडत नसे.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. तार दिल्यावर आठ दिवसांनी कानिफनाथाच्या हातचं पत्र आलं होतं. लढाईआधी टाकलेलं, वाटेत कुठंतरी रखडलेलं. ते आईच्या हातात द्यायचं कसं? आज देऊ, उद्या देऊ करत त्यानं खिशात ठेवलं. पंधरा दिवस गेल्यावर तर उशीर झाल्याचीच लाज वाटायला लागली. रोज कपडे बदलताना तो ते एका खिशातून दुसऱ्या खिशात घालायचा.

फाल्गुनात एकदम ऊब आली. रंगपंचमी रविवारीच पडली आणि सगळं गाव बैलगाड्या जुंपून मढीला कानिफनाथबाबांच्या जत्रेला गेलं. गहिनीनाथाला ‘येता का’ म्हणून कुणी विचारलं नाही. त्यानं खाकी खुंटीला लावली, धोतर-बंडी घातली आणि किती दिवसांनी पायीच ओढ्याच्या अंगानं निघाला.

बाहेर सगळं पालटलं होतं. ज्वारी काढून रानं मोकळी पडली होती. करंजांना तांबूस, ओली वाटावी अशी पालवी फुटली होती. ओढ्याकाठचे पळस एक पान अंगावर नसताना फुलांनी पेटले होते आणि त्यांवर साळुंक्यांचा नुसता कालवा चालला होता. गहिनीनाथ एका खडकावर बसला. उन्हानं पाठ शेकली तशी आखडलेली हाडं एकेक करून सैल झाली. रेडिओवर रोज सांगत होते, शांतता झाली. हीच का ती? माणसं गावात नाहीत म्हणून तोंडावर दार लोटणारं कुणी नाही, आणि आपण एकटे म्हणून निवांत. पण गोड वाटत होतं, हेही खरं. इतकं गोड वाटल्याचं त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

“कोन हाय तिकडं?”

वळून बघतो तर मुक्ताबाई. दोन शेळ्या पळसाखालची फुलं मटामटा खात होत्या आणि ती काठी टेकून उभी होती.

“मी, आक्का. गहिनीनाथ.”

“खाकी न्हाई, म्हनून वळखलं न्हाई.” ती जवळ येऊन खाली बसली. “जत्रंला न्हाई गेलात?”

“न्हाई. तुमी?”

“नवसानं झाला म्हनून नाव कानिफनाथ ठिवलं. आता कोनच्या तोंडानं जाऊ?” तिनं काठी बाजूला ठेवली. “बाया मला बघून वाट बदलत्यात, भाऊ. त्यांची पोरं जित्ती हायत ना. तुमी तर त्या दिवशी पानी बी न घेता गेलात.”

गहिनीनाथानं बंडीत हात घातला आणि चुरगळलेलं पाकीट तिच्यापुढं धरलं.

“ह्ये त्याचं हाय. तारंनंतर आठ दिसांनी आल्तं. मला देववलं न्हाई.”

तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्याच्याकडं परत दिलं. “वाचा.”

तो वाचू लागला. “तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. इथं थंडी फार आहे, सकाळी बादलीतलं पाणी दगड झालेलं असतं. तुझ्या गोधडीत आम्ही तिघं शिरतो. काळी शेळी व्याली का? बोकड झाला तर विक, पाठ झाली तर विकू नको. होळीच्या सुमाराला सुट्टी मिळेल असं साहेब म्हणतात. गहिनीकाकांना नमस्कार, कारण वाचणार तेच. काका, घाई करू नका, आईला दोनदा वाचून दाखवा.”

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फुटला. मुक्ताबाई शेळ्यांकडं बघत होती.

“दोन म्हैने?”

“व्हय. वर चार दिस.”

“दोन म्हैने मी म्हनत हुते, जाताना पोरगं आईला एक सबूद बोललं न्हाई. आन त्यो तुमच्या खिशात बोलत हुता! मला झेपंल का न झेपंल, ह्ये तुमी कोन ठरवनार?”

गहिनीनाथानं मान खाली घातली. ती म्हणाली, “दोनदा म्हनलाय ना त्यो? वाचा. सावकाश.”

त्यानं पुन्हा वाचलं, एकेक शब्द सुटा करून. गोधडीपाशी ती किंचित हसली आणि मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. रडं थांबल्यावर तिनं पत्र घेतलं.

“जावा आता तुमी.”

“आक्का, चुकलो मी.”

“चुकलातच. राग हाय माजा, त्यो ऱ्हाईल. पन आता मला त्याच्यासंगं बसू द्या.”

तो उठला आणि टेकडी चढून वर जाऊन बसला. खाली ती पळसाखाली पत्र उघडून बसलेली दिसत होती. अक्षर येत नसलेली बाई ओळींवरून बोट फिरवत होती. गावाकडं जायची वाट तिच्या शेजारूनच जात होती, म्हणून ऊन कलेपर्यंत गहिनीनाथ वरच राहिला.

लांबून जत्रेच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला तेव्हा मुक्ताबाई उठली. तिनं शेळ्या हाकल्या आणि एकवार टेकडीकडं मान वर करून बघितलं. हाक मारली नाही. ती ओढा ओलांडून पार दिसेनाशी झाल्यावर मग तो खाली उतरला.