तळाला लावलेली झिलई

मावशीने भट्टीचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

भाचीने कडेवरच्या लेकीला, ढमीला, घट्ट धरलं. "फुटलं?"

"फुटलं नाही, फळीला चिकटलंय. खालून झिलई कुणी फासली?"

भट्टीतल्या, वरून पांढरा लेप दिलेल्या काळ्या फळीवर मातीची एक निळी चकती होती. तिच्यात ढमीचं पाऊल होतं, जेमतेम महिन्याची असताना ओल्या मातीत उमटवलेलं. मग भट्टीच्या जुन्या फळ्या वाकल्या, आणि नव्या येईपर्यंत चकती कापसात गुंडाळून ठेवली होती. परवा भट्टी लावताना भाचीला दिसलं, वरून झिलई लावलेली चकती खालून कोरडीच! मावशी फोनवर बोलत होती तेवढ्यात तिने खालूनही ब्रश फिरवला, बाळाला मोजे चढवावेत तसा.

"मीच," ती पुटपुटली. "वाटलं, तू विसरलीस."

"धन्य आहेस! अगं, झिलई म्हणजे काच. वितळली की चिकटणारच."

भाचीचे डोळे भरून आले. ढमी आता धरून उभी राहायला लागली होती. तेवढंसं पाऊल आता कुठून आणायचं?

"रडू नकोस. काच सुटून यावी म्हणून फळीला पांढरा लेप देते मी, तो तुझ्यासारख्यांसाठीच." मावशीने छिन्नी टेकवली. भाचीने डोळे मिटले आणि उगीचच ढमीचे कान झाकले. टक. टक. खळ्ळ!

"उघड डोळे."

चकती अख्खी होती. भाचीने लगेच ती उलटी केली. "हे बघ, काचेचे दात! कापेल हिला."

मावशीने बादलीतून एक काळा दगड काढला. "फळी ज्याची, तोच हा. सिलिकॉन कार्बाइड. सुरीला धार लावायचा दगड, सुताराचा काळा पॉलिश पेपर, सगळी एकाच आईची लेकरं. एक आगीत ढिम्म बसतं, दुसरं काच खातं."

"आणि धूळ? नाकात गेली तर?"

"म्हणून पाण्यात बुडवून घासायचं. घे, तूच केलंस, तूच निस्तर."

ढमीला मावशीकडे देऊन ती घासू लागली. खस्स, खस्स. ढमी आधी दचकली, मग प्रत्येक 'खस्स'ला खिदळायला लागली. आई थांबली की ही पाय झाडायची. भाचीने तळावरून बोट फिरवलं, मग गाल फिरवला.

"अजून एकदाच."

"पुरे! अजून घासलंस तर वरचं पाऊल खालून बाहेर येईल!"

चकती पुसून टेबलावर ठेवली. ढमीने झडप घालून ती दोन्ही हातांनी सर्रकन पुढे ढकलली. भाची ती धरायला झेपावली. गुळगुळीत लाकडावरून चकती घसरत गेली. ओरखडा नाही, आवाजही नाही.

ढमीने चकतीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. काहीतरी राहिलंय हे तिला कळलं असावं. ओठ पुढे काढून तिनेच तो आवाज केला, "खस्स!"

"घ्या! पहिला शब्द 'खस्स', 'आई' राहिलं बाजूला," मावशी म्हणाली.

भाची इतकी हसली की टेबल तपासायचंच विसरली.